पेपर लिहायचा, पण परीक्षेचा नव्हे!

'उद्या पेपर आहे' असं कुणी म्हटलं की तुमच्या पोटात गोळा येतो ना? साहजिक आहे! आपल्याला दोनच पेपर ठाऊक. एक सकाळी दारात पडतो तो, आणि दुसरा परीक्षेत समोर येतो तो. पण दोस्तांनो, पेपरची तिसरीही एक जात आहे. हा पेपर कुणी आपल्यापुढे ठेवत नाही, आपणच लिहून इतरांपुढे ठेवायचा असतो. यात प्रश्नही आपला आणि उत्तरही आपलंच. तपासणारे मात्र दुसरे!

इंजिनिअर मंडळी असे पेपर लिहितात आणि परिषदेला पाठवतात. परिषद म्हणजे एकाच विषयात डोकं घालणाऱ्या माणसांचा मेळावा. कुणी पुलांवर काम करणारा, कुणी पंपांवर, कुणी संगणकावर. वर्षा-दोन वर्षांनी ही मंडळी एकत्र जमतात आणि 'मी हे करून पाहिलं, मला हे आढळलं' असं एकमेकांना सांगतात. पण तिथे नुसतं उठून बोलता येत नाही बरं का! आधी लिहून पाठवावं लागतं, आणि ते पारखलं जातं. ही पारख कशी होते, ते आज आपण पाहू या. त्यासाठी आपल्याला एक प्रश्न लागेल. तो शोधायला आपण घाटनांदूरला जाऊ.

प्रश्न कुठे सापडतो?

बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाई तालुक्यात घाटनांदूर आहे. परळीहून लातूर रोडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं हे स्टेशन. अंबाजोगाईच्या कितीतरी लोकांना गाडी पकडायची तर इथे नाहीतर परळीला यावं लागतं. बालाघाटच्या डोंगररांगांचा हा मुलूख. खाली काळा पाषाण, वर पावसाची वाट पाहणारं रान. पाण्याची ओढ इथल्या माणसांना नवी नाही. २०१५ साली परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं.

म्हणून या भागात शेततळी दिसतात. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल, हे शेततळ्याचं एक नेहमीचं माप. समजा, अशा एका तळ्याच्या काठावर तुम्ही उभे आहात. एप्रिल महिना. पंप बंद आहे, गळती नाही, तरी पाणी रोज थोडं थोडं खाली जातंय. जातं कुठे? वर! उन्हाने त्याची वाफ होते आणि ती हवेत जाते. आता हिशोब करा. पाण्याची पातळी दिवसाला फक्त १ सेंटीमीटर उतरली, असं धरू. तीस गुणिले तीस म्हणजे ९०० चौरस मीटर. त्यावरचा एक सेंटीमीटरचा थर म्हणजे ९ घनमीटर, म्हणजेच ९,००० लिटर पाणी! जवळजवळ एक टँकर रोज आकाशात जातो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

झाला की नाही प्रश्न तयार? 'तळ्यावर शेडनेटची हिरवी जाळी ताणली, तर किती पाणी वाचेल?'

आधी करून पाहायचं, मग बोलायचं

सगळं तळं झाकणं काही आपल्याला परवडणार नाही. मग सरळ कडांचे दोन सारखे टब घ्यायचे. एकावर शेडनेट, दुसरा उघडा. दोन्ही एकाच जागी, सारख्याच उन्हात. रोज सकाळी ठरलेल्या वेळी फूटपट्टीने पातळी मोजायची आणि वहीत लिहायची. महिनाभर! कंटाळा आला, लग्नाला गेलो, पाहुणे आले, असं चालायचं नाही. आणि एखाद्या दिवशी मोजायचं राहिलंच, तर वहीत 'राहिलं' असंच लिहायचं. मनाने आकडा भरायचा नाही. हा पहिला आणि सगळ्यांत मोठा नियम.

समजा, महिनाअखेरीस तुम्हाला दिसलं की उघड्या टबातलं पाणी दिवसाला सरासरी ९ मिलिमीटर उतरतं आणि झाकलेल्या टबातलं ६ मिलिमीटर. म्हणजे एक तृतीयांश पाणी वाचलं! आता कधी एकदा सगळ्या जगाला सांगतो, असं होतं ना? थांबा. आता पेपर लिहायचा.

हाक येते

परिषद भरण्याच्या सहा-आठ महिने, कधी वर्षभर आधी आयोजक एक निवेदन काढतात. त्याला इंजिनिअर मंडळी 'कॉल फॉर पेपर्स' म्हणतात. म्हणजे पेपर पाठवा हो, अशी हाकच! त्यात परिषद कुठे, कधी, कोणत्या विषयांवर, पेपर किती पानांचा आणि शेवटची तारीख कोणती, हे सगळं असतं. हे निवेदन आधी नीट वाचायचं. रस्त्यांच्या परिषदेला पाण्याचा पेपर पाठवला, तर तो कितीही चांगला असला तरी परत येणार.

पुष्कळ ठिकाणी आधी फक्त सारांश मागवतात, साधारण दीडशे ते अडीचशे शब्दांचा. मोठी माणसंही सगळ्यांत जास्त इथेच अडखळतात. 'पाणी हे जीवन आहे, पाण्याचे महत्त्व सर्वांना ठाऊकच आहे...' असा निबंध इथे चालत नाही. चारच गोष्टी सांगायच्या. प्रश्न काय होता? काय केलं? काय आढळलं? त्याचा उपयोग काय? बस्स.

सारांश पसंत पडला की पूर्ण पेपर लिहायचा. त्याचा पहिला भाग म्हणजे आपल्याआधी या प्रश्नावर कुणी काय केलं, याचा शोध. का बरं? कारण आपल्याला वाटतं की हे आपल्यालाच सुचलं, आणि जगात ते कधीचंच कुणीतरी केलेलं असतं! आपल्याच प्रश्नाचं पाहा ना. पाण्यावर विशिष्ट रसायनांचा अगदी पातळ थर पसरून वाफ रोखता येते का, यावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९६० च्या सुमारास संशोधन झालं होतं. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात २०१२ साली नर्मदेच्या कालव्यावर सौरपट्ट्यांचं छप्पर घातलं. त्यातून वीजही मिळते आणि खालच्या पाण्यावर सावलीही पडते. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या एका जलाशयात २०१५ पर्यंत ९ कोटी ६० लाख काळे प्लास्टिकचे चेंडू सोडले होते. त्यांचा मुख्य हेतू पाण्याची प्रत राखणं हा होता, पण त्यांनी बाष्पीभवनही कमी होणार होतं.

हे वाचून हिरमुसायचं नाही. उलट आपली जागा कळते. 'हे सगळं झालंय, पण आमच्या भागात, आमच्या उन्हात, आमच्या बाजारात मिळणाऱ्या जाळीने काय होतं, ते आम्ही मोजलं.' ही आपली भर. भर छोटी असली तरी चालते, पण ती आपली असायला हवी. आणि ज्याचं काम वापरलं, त्याचं नाव शेवटी संदर्भांत द्यायचंच. दुसऱ्याची वाक्यं उचलून आपली म्हणून छापणं म्हणजे चोरी. ती आज संगणकावर चटकन पकडली जाते. पकडली गेली नसती तरी ती चोरीच!

पुढचे भाग सोपे आहेत. काय वापरलं आणि कसं केलं, हे इतकं स्पष्ट लिहायचं की वाचणाऱ्याला तसाच प्रयोग स्वतः करता यावा. मग आकडे, तक्ते, आलेख. मग निष्कर्ष.

नाव झाकून परीक्षा

पेपर पोचला की तो दोन-तीन परीक्षकांकडे जातो. हे परीक्षक त्याच विषयातले जाणकार असतात. पेपर कुणी तपासला, हे लेखकाला सहसा कळत नाही. काही परिषदांत तर लेखकाचं नावही परीक्षकांपासून झाकून ठेवतात. नाव मोठं म्हणून पेपर पास आणि नाव अनोळखी म्हणून नापास, असं होऊ नये म्हणून.

यावरून एक खरी गोष्ट आठवते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. तिच्यात 'कृष्णविवर' नावाची एक कथा आली. लेखक, नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. आणि हे जगताप निघाले कोण? जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णू नारळीकर! आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी हे नाव घेतलं होतं. ज, वि, ना यांचं केलं ना, वि, ज. आपलं अक्षर कुणी ओळखू नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात लिहून पाठवली होती. आपल्या नावाला नव्हे, आपल्या कथेला गुण मिळावेत, एवढीच त्यांची इच्छा. आता हे उलटं करून पाहा. जिथे नाव झाकलेलं असतं, तिथे घाटनांदूरचा जगताप आणि परदेशातला मोठा प्रोफेसर एकाच रांगेत उभे असतात.

चिमण्यांनी केला घोटाळा!

परीक्षक नुसते गुण देत नाहीत, प्रश्न विचारतात. आपल्या टबांच्या पेपरवर ते काय विचारतील?

पहिला परीक्षक लिहील, 'उघड्या टबातलं पाणी चिमण्या-कावळ्यांनी प्यायलं नाही कशावरून?'

अरेच्चा! हे लक्षातच आलं नाही की. जाळी घातलेल्या टबावर पक्षी बसू शकत नाहीत, पण उघड्या टबावर बसतात. मग तीन मिलिमीटरच्या फरकातला उन्हाचा वाटा किती आणि चोचींचा किती? सांगता येणार नाही! यावर उपाय एकच. खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी दोन्ही टबांवर सारखीच बसवायची, शेडनेट मात्र एकावरच, आणि पुन्हा मोजायचं. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा धडा एका चिमणीने शिकवला!

दुसरा परीक्षक लिहील, 'टबातलं पाणी आणि तळ्यातलं पाणी सारख्या वेगाने उडतं का?' नाही उडत. टबाच्या कडा तापतात, पाणी थोडं असतं, त्यामुळे ते लवकर उडतं. हवामान खातं बाष्पीभवन मोजायला ठरावीक मापाचं, सुमारे सव्वा मीटर व्यासाचं पसरट भांडं वापरतं. त्या भांड्यातला आकडासुद्धा तलावाला लावताना साधारण ०.७ ने गुणतात. आपला टब तर आणखी वेगळा. त्याला तोच ०.७ लागू पडेल, असंही धरता येत नाही. म्हणजे 'तळ्यातलं एक तृतीयांश पाणी वाचतं' हे वाक्य खोडायचं. त्याऐवजी लिहायचं, 'आमच्या टबात, एप्रिल महिन्यात, इतका फरक आढळला. तळ्यावर तो किती पडेल, ते तळ्यावरच मोजायला हवं.'

वाक्य छोटं झालं, नाही? थोडं वाईटही वाटतं. पण विचार करा. तुमचा पेपर वाचून एखाद्या शेतकरीकाकांनी उसने पैसे काढून सगळं तळं झाकलं आणि सांगितल्याच्या निम्मंच पाणी वाचलं, तर? तो आकडा तुमचा होता! परीक्षक आपल्याला छळायला बसलेला नसतो. आपल्या आकड्यावर विश्वास ठेवून कुणी खड्ड्यात जाऊ नये, म्हणून तो तिथे बसलेला असतो.

परत आला तर?

परीक्षकांचा निकाल साधारण तीन प्रकारचा असतो. स्वीकारला, दुरुस्त करून पाठवा किंवा नाकारला. पहिल्याच फटक्यात जसाच्या तसा स्वीकारला जाणं दुर्मीळच. आणि नाकारला गेला म्हणजे आभाळ कोसळलं, असं मुळीच नाही.

१९९१ साली अमेरिकेत सॅन अँटोनियो शहरात संगणकतज्ज्ञांची एक परिषद भरली होती. तिच्यासाठी टिम बर्नर्स-ली आणि रॉबर्ट कायो या दोघांनी आपल्या नव्या कल्पनेवर पेपर पाठवला. पेपर नाकारला गेला! पण 'हवं तर नुसतं प्रात्यक्षिक दाखवा,' असं उत्तर मिळालं. तर हे दोघे फुरंगटून घरी बसले नाहीत. संगणक घेऊन युरोपातून तिथे गेले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना आपली करामत दाखवत राहिले. ती करामत कोणती, ठाऊक आहे? वर्ल्ड वाइड वेब! आज तुम्ही ज्याच्यावर निकाल पाहता, रेल्वेचं आरक्षण करता, तेच हे जाळं. दोन वर्षांनी त्याच परिषदेत जिकडेतिकडे वेबशी नातं सांगणारीच प्रात्यक्षिकं होती.

म्हणून पेपर परत आला तर एक दिवस रुसायला परवानगी आहे. दुसऱ्या दिवशी परीक्षकांचे शेरे काढून वाचायचे, पटतील त्या चुका सुधारायच्या आणि दुसऱ्या परिषदेला पाठवायचा.

एक पेपर नव्हे, सगळा परिसंवादच!

काही वेळा विषय इतका मोठा असतो की एका पेपरात मावत नाही. मग एखादा गट आयोजकांना सुचवतो, 'या विषयावर एक सगळं सत्रच ठेवा.' साहित्य संमेलनात परिसंवाद असतो ना, तसंच. पण 'पाण्यावर बोलू या' एवढ्याने भागत नाही. सत्राचा नेमका प्रश्न काय, तो आजच का महत्त्वाचा, कोण कोण बोलणार, प्रत्येकाला किती मिनिटं आणि श्रोत्यांच्या प्रश्नांना किती, हे सगळं लिहून द्यावं लागतं.

आपल्या विषयावर सत्र ठेवायचं तर कुणाकुणाला बोलवाल? हवामानाचा अभ्यास करणारे एक, जाळी तयार करणारे एक, पाण्याचा हिशोब मांडणारे एक इंजिनिअर, आणि ज्यांचं तळं आहे ते एक शेतकरी. चौघंही एकाच मताचे असतील तर ते सत्र फुकट! म्हणून जाळीचा खर्च परवडत नाही, असं म्हणणारे मुद्दाम बोलवायचे. चांगल्या सत्रात टाळ्यांपेक्षा प्रश्न जास्त होतात.

आणि खुद्द परिषदेच्या दिवशी? महिनोन्‌महिने केलेलं काम दहा-पंधरा मिनिटांत सांगायचं! वेळ संपली की अध्यक्ष घंटी वाजवतात. कागद पाहून घडाघडा वाचणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. एखादा आलेख दाखवून 'हे पाहा, इथे आम्ही चुकलो होतो' असं सांगणाऱ्याकडे सगळे कान टवकारतात. पुढे हे पेपर परिषदेच्या संग्रहात छापले जातात. आणखी दहा वर्षांनी याच प्रश्नाशी झटणाऱ्या कुणाला तरी ते सापडतात.

खोट्या दुकानांपासून सावध

जिथे मान असतो, तिथे लबाडीही पोचते. काही 'परिषदा' फक्त फी गोळा करण्यासाठी भरतात. काहीही पाठवा, पास! २००५ साली अमेरिकेतल्या एम.आय.टी. या प्रसिद्ध संस्थेतल्या तिघा विद्यार्थ्यांनी याची गंमतच केली. त्यांनी एक संगणक प्रोग्रॅम लिहिला. तो अवघड शब्दांची खिचडी करून अर्थहीन पेपर तयार करायचा. असा एक पेपर त्यांनी फ्लोरिडातल्या एका परिषदेला पाठवला आणि तो चक्क स्वीकारला गेला! बिंग फुटल्यावर आयोजकांनी निमंत्रण मागे घेतलं, तर या पठ्ठ्यांनी त्याच हॉटेलात खोली घेऊन स्वतःचं सत्र भरवलं!

आई-बाबा, हे दोन शब्द तुमच्यासाठी. पाल्य इंजिनिअरिंगला गेल्यावर 'आमच्याकडे पेपर छापा, लगेच प्रमाणपत्र मिळेल' अशा जाहिराती समोर येतील. पैसे भरण्याआधी एवढंच विचारा, पेपर वाचणार कोण, आणि वाचून शेरे देणार का? प्रश्न न विचारता मिळालेलं प्रमाणपत्र भिंतीवर शोभतं, पण त्यातून मूल काही शिकत नाही. आणि मूल शाळेत असेल, तर प्रकल्प तुम्ही करून देऊ नका. टब उन्हात ठेवायला मदत करा, वही मात्र त्याचीच असू द्या.

मग आपण कधी?

यासाठी मोठं व्हायची वाट पाहायला नको. १९९३ साली आपल्या देशात राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद सुरू झाली, ती दहा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठीच. आधी जिल्हा, मग राज्य, मग देश, अशा तिच्या पायऱ्या. परिषद एक मुख्य विषय देते. २०१२-१३ साली तो ऊर्जा होता, २०१४-१५ साली हवामान. त्या विषयाला धरून आपल्या गावातला प्रश्न शोधायचा, मार्गदर्शक शिक्षकांच्या मदतीने स्वतः काम करायचं, अहवाल लिहायचा आणि परीक्षकांपुढे मांडायचा. तिथेही नोंदींची वही पाहतात, तिथेही चिमण्यांसारखे प्रश्न येतात! या वर्षीचा विषय, नियम आणि तारखा आपल्या विज्ञानाच्या सरांना किंवा बाईंना आजच विचारा.

तोवर एक काम करा. एक वही घ्या. गावात, शाळेत, शेतात जे जे पाहून 'असं का?' वाटतं, ते तारीख घालून लिहून ठेवा. दहा प्रश्न झाले की त्यांतला एक निवडा. असा, की जो टब, फूटपट्टी आणि महिनाभराच्या चिकाटीने सुटू शकेल. आणि हो, आकडा चुकला तर खाडाखोड करू नका. आडवी रेघ मारा, शेजारी नवा आकडा लिहा. जुना दिसू द्या. आपण कुठे चुकलो होतो, तेही कधीतरी कुणाला तरी सांगायचंय ना!